शेततळ्यातल्या माशांची अँटिबायोटिक तपासणी: अर्ज नेमका कुठे अडतो

द्राक्षाच्या रेसिड्यू रिपोर्टची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या तपासणीची, नाशिकच्या निफाड-दिंडोरीला सवय आहे. म्हणून शेततळ्यातले रोहू-कटलाही लोक सरळ त्याच प्रयोगशाळेत घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, एकेका पदार्थातल्या एकेका घटकासाठी असते. द्राक्षातल्या कीडनाशकाची मान्यता माशातल्या क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकला चालत नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेचा 'स्कोप', म्हणजे मान्य तपासण्यांची यादी, पाहा, मासा आणि औषध दोन्ही त्यात असतील तरच जाळं टाका.

स्वतःच्या तळ्यातला मासा खासगी प्रयोगशाळेत कुणीही पैसे भरून तपासू शकतो. मागणीपत्र, ओळखपत्र, फी, झालं. फक्त त्यात 'सगळी अँटिबायोटिक्स' असं लिहू नका, नावं लिहा. नायट्रोफ्युरान गटातलं अँटिबायोटिक असेल तर 'मेटाबोलाइट' हा शब्द हवाच. मूळ औषध माशाच्या अंगात लवकर मोडतं. मांसाला चिकटून राहतात ते त्याचे अवशेष, म्हणजेच मेटाबोलाइट.

खरी रडकथा अन्न व औषध प्रशासनाकडे जाणाऱ्यांची. शेजारच्या तळ्यात औषध ओततात, तिथला नमुना घ्या, असा अर्ज येतो आणि 'आमच्या कक्षेत नाही' म्हणून परत जातो. लोक चिडतात, पण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 18 मध्ये शेतकरी, मच्छीमार आणि मत्स्यशेती वगळलेली आहे. तळ्याच्या बांधावर तो कायदा पोचत नाही, बाजारातल्या पाटीवर पोचतो. हे एका ओळीत सांगायला काउंटरवर कुणाचं काय जातं, देव जाणे.

बाजारातून घेतलेला मासा त्याच कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहकाला अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. फी भरावी लागते; मासा नियमात बसला नाही तर ती परत मिळते. अट एकच, आणि बहुतेक अर्ज तिथेच मरतात: खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगायचं की हा मी तपासायला नेतोय. घरी येऊन शंका आली, तर वेळ गेली. शिवाय सांगितल्याचा पुरावा कुठून आणायचा? मासळी बाजारात पावती देतं कोण? वहीचं पान न्या. तारीख, मासा, वजन, 'तपासणीसाठी घेतला', खाली विक्रेत्याची सही. मावशी सही करायला नाही म्हणाल्या तर सोबत्याची साक्ष घ्या. रिपोर्ट 14 दिवसांत यायचा असतो, पण ते दिवस नमुना विश्लेषकाला मिळाल्यापासून मोजतात, खरेदीपासून नाही. दहाव्या दिवशी भांडायला जाऊ नका.

तळ्याच्या पाण्याचा रिपोर्ट घेऊन लोक विचारतात, पास की नापास? पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात अँटिबायोटिकची मर्यादाच नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी केंद्राने जानेवारी 2020 च्या मसुद्यात मर्यादा घातल्या होत्या, 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळाल्या. म्हणजे आकडा मिळेल, शिक्का नाही. तक्रारीला बळ हवं असेल तर त्याच दिवशीचा मासाही सोबत तपासा. पाणी गडद काचेच्या बाटलीत भरा, टेट्रासायक्लिन उजेडात मोडतं. मासा गोठवून बर्फात, फॉर्मलिन अजिबात नको. आणि पार्सल सोमवारी टाका. शुक्रवारी टाकलेला थर्माकोलचा डबा मी एकदा सोमवारी उघडलेला पाहिलाय. वास जिन्यापर्यंत आला होता.