टास्मानियन आदिवासी शंखमाळा

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील आदिवासी (पालावा) स्त्रिया समुद्री गोगलगाईंचे बारीक शंख ओवून ज्या माळा करतात, त्यांना या नावाने ओळखले जाते. वसाहतकाळात पालावांची भाषा, जमीन आणि अनेक चालीरीती हिरावल्या गेल्या. माळा ओवण्याचे काम मात्र आई, आजी, मावशी यांच्याकडून मुलींकडे येत राहिले. या परंपरेची आजची मुख्य घरे म्हणजे टास्मानिया आणि ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी यांमधल्या बास सामुद्रधुनीतील फर्नो द्वीपसमूह, त्यातही फ्लिंडर्स आणि केप बॅरन ही बेटे.

माळेत सर्वांत मान मरीनर या शंखाला. जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा हा शंख उथळ पाण्यातल्या समुद्रशैवलावर राहणाऱ्या गोगलगाईचा असतो. वरून पाहिला तर मळकट तपकिरी. कोणी उचलूनही घेणार नाही. वरचा थर काढला की आतून निळा-हिरवा, मधूनच गुलाबी छटा मारणारा मोतिया थर निघतो. रंगद्रव्याचा यात फारसा वाटा नाही. पातळ थरांवरून परतणारा प्रकाश हे रंग दाखवतो. म्हणूनच माळ हलली की रंगही हलतात.

मरीनर जिवंतच गोळा करावी लागते. पाणी खूप मागे हटते अशा ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात उतरतात आणि शैवलाच्या पात्यांवरून एकेक शंख वेचतात. नंतर आतला जीव कुजून जाईपर्यंत शंख ठेवून द्यायचे, अनेकदा धुवायचे. हा टप्पा घाण वासाचा आणि चिकाटीचा. पूर्वी शंख धुरावर धरून, गवताने घासून वरचा थर काढत, कांगारूच्या किंवा वॉलबीच्या टोकदार दाताने भोक पाडत आणि कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेत ओवत. चकाकीसाठी मटनबर्ड या समुद्रपक्ष्याचे तेल चोळत. आता आरी, सुई आणि मजबूत दोरा वापरतात. लांब माळेला शेकडो, कधी हजारावर शंख लागतात आणि आकारानुसार निवड करण्यातच बराच वेळ जातो.

इतर शंख बहुधा किनाऱ्यावर वाहून आलेलेच वेचतात. त्यांना बेटांवर घरगुती नावे आहेत: पांढुरके राइस, काळे ब्लॅक क्रो, शिवाय टूथी, गल, कॅट्स टीथ. मटनबर्डच्या शिकारीच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, कुटुंबे लहान बेटांवर मुक्कामाला जातात. वेचणीचे कामही तेव्हा होते. कोणता शंख कुठल्या खडकाळीत मिळतो, हे बाहेरच्यांना सहसा सांगत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सील-शिकाऱ्यांनी अनेक आदिवासी स्त्रियांना पळवून बास सामुद्रधुनीतील बेटांवर नेले. आजच्या अनेक ओवणाऱ्या त्यांच्याच वंशज आहेत. मुख्य बेटावरून हाकललेल्यांना फ्लिंडर्स बेटावरील वायबालेना येथे ठेवले गेले. तिथे बहुसंख्य मरण पावले आणि उरलेल्यांना १८४७ मध्ये ऑयस्टर कोव्हला हलवले. १८६६ मध्ये चार्ल्स वुली याने काढलेल्या छायाचित्रांत ट्रुगानिनी या आदिवासी स्त्रीच्या गळ्यात शंखमाळ दिसते. १८७६ मध्ये ती वारली आणि ‘शेवटची टास्मानियन’ संपली असे वसाहतवाल्यांनी जाहीर केले. हा दावा साफ खोटा होता: वायबालेनात जन्मलेली आदिवासी स्त्री फॅनी कॉक्रेन स्मिथ त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगली, आणि केप बॅरनवर माळा ओवल्या जातच होत्या. ट्रुगानिनीची एक माळ इंग्लंडमधील एक्झेटरच्या संग्रहालयातून १९९७ मध्ये टास्मानियाला परत आली.

माळांची नक्कलही झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टास्मानियाची राजधानी होबार्टमधील बिगरआदिवासी व्यापाऱ्यांनी मरीनर मोठ्या प्रमाणावर गोळा करून ‘होबार्ट माळा’ पर्यटकांना विकल्या. संग्रहालयांत आज माळ नेमकी कोणाच्या हातची, हे ठरवणे त्यामुळे अवघड होते.

अलीकडच्या ओवणाऱ्यांमध्ये १९४६ मध्ये केप बॅरनवर जन्मलेल्या लोला ग्रीनो सर्वाधिक परिचित आहेत. ऑस्ट्रेलियातील श्रेष्ठ हस्तकलाकारांत त्यांची गणना होते. ज्या घराण्यांत ही कला सुटली होती, त्यांच्यासाठी ‘लुना टुनाप्री’ उपक्रमात वयोवृद्ध स्त्रियांनी तरुणींना वेचण्यापासून ओवण्यापर्यंत शिकवले. त्यातून तयार झालेल्या माळा २०१६ पासून ‘कनालारिट्जा’ प्रदर्शनात मांडल्या गेल्या.

आता अडचण समुद्राची आहे. पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहाचे कोमट पाणी दक्षिणेकडे अधिक येऊ लागल्याने टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरील विशाल केल्प या समुद्रशैवलाची वने झपाट्याने आटली आणि २०१२ मध्ये ती संकटग्रस्त परिसंस्था म्हणून नोंदली गेली. त्याच पाण्यासोबत आलेली लांब काट्यांची समुद्री साळिंदरे (सी अर्चिन) खडकांवरचे शैवल फस्त करतात. शैवल गेले की मरीनरचा आसराच जातो. पूर्वी भरपूर मिळे तिथे आता शंख विरळ झाल्याचे ओवणाऱ्या स्त्रिया सांगतात. पारंपरिक वेचणीला टास्मानियाच्या कायद्यात मोकळीक आहे.