तज्ज्ञ व तपास साहाय्य, निर्धन आरोपींना (अमेरिका)

फौजदारी खटल्यातील निर्धन आरोपीच्या बचावासाठी लागणारे तज्ज्ञ, खाजगी तपासनीस व चाचण्या यांचा खर्च सरकारी निधीतून भागविण्याची अमेरिकेतील व्यवस्था. सरकारी खर्चाने वकील देण्याहून ती वेगळी असून तिची घटनात्मक मान्यता बरीच अलीकडची आहे.

तिच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात न्यायाधीश कार्डोझो यांनी १९२९ मध्ये ‘रायली विरुद्ध बेरी’ या निकालात, स्वतःचे साक्षीदार उभे न करू शकणाऱ्या गरीब आरोपीची अडचण नोंदविली होती. परंतु ती हक्काची घोषणा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तर ‘स्मिथ विरुद्ध बाल्डी’ (१९५३) मध्ये मनोविकारतज्ज्ञ पुरविण्याचे घटनात्मक बंधन नाकारले. गरीब अपीलकर्त्याला खटल्याचे इतिवृत्त मोफत देणारा ‘ग्रिफिन विरुद्ध इलिनॉय’ (१९५६) हा निकाल मूळ मानल्यास हक्काचा पाया समानतेचा ठरतो. तथापि मनोविकारतज्ज्ञाचा हक्क मान्य करणारा ‘एक (Ake) विरुद्ध ओक्लाहोमा’ (१९८५) चा निर्णय उचित विधिप्रक्रियेच्या (न्याय्य सुनावणीच्या घटनात्मक हमीच्या) आधारे झाला. त्या खटल्यात वेडसरपणा हाच एकमेव बचाव होता आणि गुन्ह्याच्या वेळच्या मनःस्थितीची तपासणी कोणीच केली नव्हती. त्यामुळे हक्काचा आरंभ १९८५ पासून, तर संघीय न्यायालयांतील प्रथेचा आरंभ असा खर्च देण्याची तरतूद करणाऱ्या १९६४ च्या फौजदारी न्याय अधिनियमापासून धरणे अधिक सयुक्तिक होय. मनोविकारतज्ज्ञाखेरीज इतरांना हा हक्क किती लागू होतो, हा प्रश्न त्याच वर्षीच्या ‘कॉल्डवेल विरुद्ध मिसिसिपी’ने मोकळाच ठेवला, मोघम मागणी मात्र पुरेशी नाही, असे त्यात ठरले.

संघीय न्यायालयात आरोपीसाठी नियुक्त केलेला वकील सरकारी पक्षाला न कळविता एकतर्फी अर्ज करतो. नाहीतर बचावाची दिशा आधीच उघड होईल. कोणत्या मुद्द्यासाठी कोण हवा, अंदाजे किती तास, कोणत्या दराने आणि त्याविना बचाव कोठे लंगडा पडतो, हे अर्जात नेमके सांगावे लागते. पूर्वपरवानगीविना ८०० डॉलर व परवानगीसह प्रत्येक व्यक्तीमागे २,४०० डॉलर या वरील अधिनियमातील पायाभूत मर्यादा असून (कामापोटी झालेला इतर वाजवी खर्च वेगळा) त्या संघीय वेतनवाढीप्रमाणे वाढतात. मर्यादेपेक्षा अधिक रकमेस संघीय अपील मंडळाच्या (सर्किटच्या) मुख्य न्यायाधीशाची संमती लागते. मृत्युदंडाच्या खटल्यांत पायाभूत मर्यादा ७,५०० डॉलर. तेथे अर्ज गोपनीय ठेवण्याची गरज स्वतंत्रपणे दाखवावी लागते. संघीय बचाव कार्यालये असा खर्च आपल्याच अंदाजपत्रकातून करतात. राज्याराज्यांतील व्यवस्था भिन्न आहे.

मर्यादेविषयीचे अज्ञानही घातक ठरते. अलाबामातील खुनाचे आरोपी अँथनी रे हिंटन यांच्या वकिलाने तज्ज्ञासाठी १,००० डॉलरच मिळतील असे गृहीत धरले. वास्तविक राज्याच्या कायद्यातील कमाल मर्यादा त्यापूर्वीच उठली होती. परिणामी बंदुकीच्या गोळ्यांच्या तुलनेसाठी, वकिलालाही अपुरा वाटलेला तज्ज्ञ उभा राहिला आणि उलटतपासात त्याची साक्ष टिकली नाही. ही चूक वकिलीतील गंभीर उणीव असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. हिंटन २०१५ मध्ये सुटले. ‘मॅकविल्यम्स विरुद्ध डन’ (२०१७) मध्ये नुसती तपासणी पुरेशी नसून, तज्ज्ञाने निष्कर्षांचे मूल्यमापन, बचावाची तयारी व मांडणी यांतही मदत करावयास हवी, असे स्पष्ट झाले. मात्र हव्या त्याच तज्ज्ञाची निवड करण्याचा हक्क आरोपीस नाही.