कांगासो

ब्राझीलच्या ईशान्येकडील ‘सेर्तांव’ या अवर्षणग्रस्त अंतर्भागात साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४० पर्यंत टिकून राहिलेला टोळीवाल्यांचा सशस्त्र जीवनक्रम. अशा टोळीतल्या माणसास ‘कांगासेइरो’ म्हणत. पर्नांबुको, पाराइबा, सेआरा, आलागोआस, सेर्जिपे आणि बाहिया ही राज्ये टोळ्यांच्या मुख्य वावराची होत. ‘काटिंगा’ हे तिथले काटेरी झुडपांचे रान त्यांना लपायला सोयीचे होते. त्यातून फिरायचे तर अंगावर चामड्याचा पोशाख लागे.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘कांगा’ म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू, यावर बहुतेकांचा भर आहे. पण जुवाचा टोळीशी संबंध कसा जोडायचा, हा वाद आहे. एका मतानुसार टोळीवाला बंदूक खांद्यांवर आडवी टाकून चाले आणि ती जुवासारखी दिसे. दुसऱ्या मतानुसार गरिबाच्या घरातले किडुकमिडुक, किंवा माणसाच्या अंगावरचा सगळा सरंजाम असा या शब्दाचा स्थानिक अर्थ आधीपासूनच होता. काडतुसांचे पट्टे, सुरा, झोळ्या, पाण्याचा बुधला असे सगळे ओझे वाहणारा तो कांगासेइरो. ‘कांगासोखाली फिरणे’ हा जुना वाक्प्रचार दुसऱ्या मताला अधिक जवळचा वाटतो. जमीनदाराच्या जोखडाखालचा माणूस, हा तिसरा अर्थ अर्थपूर्ण खरा, पण तो मागाहून सुचलेला असावा.

तरीही जमीनदाराला वगळून कांगासो समजत नाही. नॅशनल गार्ड या सरकारी शिबंदीतील हुद्द्यामुळे बड्या जमीनदारास ‘कोरोनेल’ (कर्नल) म्हणत. गार्ड मोडले तरी नाव राहिले. मते, पाणी, न्याय आणि पोलीस हे सगळे त्याच्याच मुठीत असे. त्याच्या पदरी पगारी हत्यारबंद माणसे असत. कांगासेइरो स्वतःच्या नायकाखाली वावरे, हा या दोहोंतला फरक. समाजशास्त्रज्ञ मारिया इसाउरा पेरेइरा दे केइरोस यांनी याच आधारे परतंत्र आणि स्वतंत्र कांगासो असे दोन प्रकार केले. स्वतंत्र टोळ्यांची वाढ १८७७–७९ च्या भीषण दुष्काळाशी जोडली जाते. पण त्यांनाही दाणागोटा, काडतुसे आणि आसरा पुरवणारे ‘कोइतेइरो’ लागत, आणि त्यांत गरीब गुराख्यांइतकेच कोरोनेलही होते.

इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६९ मध्ये ‘सामाजिक दरोडेखोरी’ची, म्हणजे गरिबांच्या असंतोषातून उपजणाऱ्या दरोडेखोरीची, कल्पना मांडताना या टोळ्यांचा दाखला घेतला. दरम्यान १९६३ मध्ये रुई फाको यांनी कांगासोचे मूळ भूमिहीनतेत शोधले. बिली जेन्स चँडलर यांनी मात्र कागदपत्रे तपासून गरिबांचा कैवारी ही प्रतिमा बरीचशी नाकारली. फ्रेदेरिको पर्नांबुकानो दे मेलो यांच्या मते सूड हे अनेकदा ‘नैतिक ढाल’ म्हणून पुढे केले जाई. प्रत्यक्षात कांगासो हा बहुतेकांचा पोटापाण्याचा धंदा होता. पुराव्याचा कल या शेवटच्या मताकडे आहे. मात्र एवढ्याने शेतकऱ्यांच्या मनातला राग खोटा ठरत नाही. बाजारात दोरीवर टांगून विकल्या जाणाऱ्या ‘कोर्देल’ पद्यपुस्तिकांनी तो राग जपला.

सर्वांत प्रसिद्ध नायक विर्गुलिनो फेरेइरा दा सिल्वा ऊर्फ ‘लांपियांव’ याचा जन्म पर्नांबुकोतला. जन्मवर्ष १८९७ किंवा १८९८. नोंदी जुळत नाहीत. शेजाऱ्याशी जनावरांवरून वैर वाढले, पुढे पोलिसांनी वडिलांना ठार केले. टोळीनायक सिन्यो पेरेइरा याने १९२२ मध्ये टोळी सोडली तेव्हा नेतृत्व लांपियांवकडे आले. १९२६ मध्ये प्रेस्तेस यांच्या बंडखोर पलटणीविरुद्ध लढण्यासाठी सेआरातील जुआझेइरो येथे त्यालाच सरकारी शस्त्रे आणि ‘कॅप्टन’ हा किताब देण्यात आला. हा किताब कायद्याने ग्राह्य नव्हता, पण त्याने तो अखेरपर्यंत मिरवला. १३ जून १९२७ रोजी मोसोरो शहराने त्याचा हल्ला परतवून लावला. पुढे त्याची जोडीदार मारिया बोनिता टोळीत आली आणि स्त्रियांना टोळीचे दार उघडले. त्यांतल्या काही पळवून आणलेल्या होत्या, ही गोष्ट लोकगीते सहसा सांगत नाहीत.

१९३६ मध्ये बेंजामिन आब्राहांव या छायाचित्रकाराने टोळीचे चित्रण केले. त्यात उलटलेल्या काठाची अर्धचंद्राकृती चामडी टोपी, तिच्यावर जडवलेली नाणी व तारे आणि भरतकाम केलेल्या झोळ्या दिसतात. लपून राहणाऱ्याने इतके झगमगावे, हे आजही पाहणाऱ्याला थक्क करते. २८ जुलै १९३८ रोजी सेर्जिपेतील आंजिकोच्या घळीत फिरत्या पोलीस पथकाने लांपियांव, मारिया बोनिता व आणखी नऊ जणांना मारले. त्यांची शिरे कापून पिरान्यास येथे पायऱ्यांवर मांडली गेली. पुढे लांपियांव व मारिया बोनिता यांची शिरे साल्वादोरच्या संग्रहालयात ठेवली होती. त्यांना १९६९ मध्ये मूठमाती मिळाली.

चित्रपटात लिमा बारेतो यांच्या ‘ओ कांगासेइरो’ (१९५३) ने हा विषय जगापुढे नेला. त्याचे चित्रीकरण मात्र साओ पाउलो राज्यात झाले. ग्लाउबेर रोशा यांचा ‘देउस इ ओ दियाबो ना तेर्रा दो सोल’ (१९६४) अधिक खोल आहे. मानुएल हा गुराखी हिशेबाला जातो. मेलेल्या गाई तुझ्या, जगलेल्या माझ्या, असा कोरोनेलचा न्याय. मानुएल त्याला तिथेच कापतो आणि पत्नी रोझासह आधी एका संताच्या, मग लांपियांवचा साथीदार कोरिस्को याच्या मागे जातो. यातला मारेकरी आंतोनियो दास मोर्तेस हा जुझे रुफिनो या खऱ्या पोलीस अधिकाऱ्यावरून घेतला आहे.

खरा कोरिस्को २५ मे १९४० रोजी बाहियात रुफिनोच्याच पथकाकडून मारला गेला, आणि कांगासोचा शेवट त्या दिवशी झाला असे मानतात. त्याची जोडीदार दादा हिला त्याने लहान वयातच पळवून आणले होते. झोळ्यांवरच्या फुलांच्या भरतकामाचे श्रेय तिला देतात. त्या चकमकीत तिच्या पायाला गोळी लागली आणि पाय कापावा लागला. ती १९९४ पर्यंत हयात होती.