साठी, बुद्धी आणि जन्मसाल

रंकाळ्यावर फिरायला आलेल्या आजोबांना चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, की सोबतचे लगेच म्हणणार, ‘साठी बुद्धी नाठी!’ एके काळी मानसशास्त्रज्ञही जवळपास हेच म्हणत, फक्त आलेख काढून. २५, ४५ आणि ६५ वर्षांच्या माणसांची एकाच महिन्यात बुद्धीची तीच चाचणी घ्यायची, सरासऱ्या जोडायच्या. रेघ तिशी-चाळिशीपासूनच उतरायला लागायची.

गोची इथंच आहे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं १९१७ साली. समजा, १९४० मध्ये कुणी इथं शब्दसंपत्ती मोजली असती. तिशीतला गडी १९१० चा, म्हणजे हुकूम निघाला तेव्हा ७ वर्षांचा. साठीतला १८८० चा. त्याचं शाळेचं वय केव्हाच उलटलेलं. म्हाताऱ्याचे गुण कमी पडले असते, पण दोष वयाला द्यायचा की जन्मसालाला? एकाच वेळच्या मोजणीत हे सुटत नाही, कारण चालू सालातून जन्मसाल वजा केलं की उरतं तेच वय.

मग त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासायचं? त्यातही दोन खोड्या. चाचणी सवयीची होते, गुण फुगतात. शिवाय आजारी, थकलेली माणसं गळतात आणि तल्लख तेवढी उरतात.

मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला ५०० जणांपासून सुरुवात केली आणि दोन्ही पद्धतींची सांगड घातली: दर ७ वर्षांनी जुन्यांची फेरतपासणी, शिवाय त्याच वेळी नव्या माणसांची भरती. आज ५८ चा असलेला ७ वर्षांनी ६५ चा होतो. त्याला आजच्या ६५ वाल्याशेजारी ठेवा. वय एकच, जन्मसालं वेगळी, म्हणजे फरक वयाचा नाही (काळाचा असू शकतो, ते गणित आणखी किचकट). नवा भिडू पहिल्यांदाच चाचणी देतो, त्यामुळे सवयीनं किती गुण वाढले तेही कळतं.

निकाल? झटपट चिन्हं ओळखण्याचा वेग लवकर मंदावतो. शब्दज्ञान मात्र साठीतही टिकून राहतं. बहुतेक क्षमतांची ठळक घसरण साठी ओलांडल्यावरच दिसते, तीही प्रत्येकात सारखी नाही.

‘तुमच्या मेंदूचं वय ७०’ असं सांगणारी मोबाईलवरची ॲप्स आणि स्मरणशक्तीची चूर्णं विकणारे यातलं काही सांगत नाहीत. ७० वर्षांचा कोण, कुठला, किती शिकलेला? वडिलांची तुलना करायचीच तर त्यांच्याच दोन वर्षांपूर्वीच्या गुणांशी करा. चाचणी तीच, वेळ सकाळचीच, आणि चष्मा, कानाचं यंत्र लावूनच बसवा. ऐकूच न आलेला आकडा ते विसरले, असं कसं म्हणणार?