पॉल होगन

पॉल होगन (जन्म ८ ऑक्टोबर १९३९, सिडनी) हा ऑस्ट्रेलियन विनोदी नट, टीव्ही स्टार आणि पटकथालेखक. जगाला तो सिनेमातला 'क्रोकोडाइल डंडी' म्हणून माहितीय, म्हणजे हॅटला मगरीचे दात लावलेला नि हातात भलामोठा सुरा असलेला तो रांगडा गडी. पण ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकात टीव्हीसमोर वाढलेल्या लोकांसाठी तो आधी टीव्हीवरचा लाडका 'होग्ज' आहे, सिनेमावाला नंतर.

त्याचा जन्म लाइटनिंग रिज या ओपल रत्नांच्या खाणींच्या आडगावातला असं बरीच वर्षं छापून यायचं आणि गंमत म्हणजे ही थाप त्याने स्वतःच पसरवलेली, ऐकायला जरा भारी वाटतं म्हणून. खरा तो सिडनीचा, वाढला ग्रॅनव्हिल या पश्चिमेकडच्या कामगार वस्तीत. रानातला माणूस म्हणून जो पुढे जगभर विकला गेला तो पक्का शहरी. वयाच्या १८-१९ व्या वर्षी नोएलीनशी लग्न, मग पाच पोरं, आणि घर चालवायला मिळेल ते काम. शेवटी तो सिडनी हार्बर ब्रिजवर रिगर म्हणून लागला. उंचावर चढून दोरखंड-केबल लावायचे, मचाणं बांधायची, असलं हे काम. त्या पुलाची कमान पाण्यापासून १३४ मीटर वर आहे, तेव्हा डोकं शांत आणि तोंड चालू ठेवायची सवय तिथेच लागली असावी.

टीव्हीवर तो आला तोही टवाळकीतूनच. १९७१ मध्ये 'न्यू फेसेस' नावाची टॅलेंट स्पर्धा चालायची, तिचे परीक्षक स्पर्धकांची बिनधास्त टर उडवायचे, तर सोबतच्या कामगारांनी याला डिवचलं की जा आणि त्यांचीच उडवून दाखव. हा टॅप डान्स करत सुऱ्या फेकणारा कलाकार म्हणून नाव देऊन गेला. कला नावापुरती, सगळा वेळ परीक्षकांनाच धुतलं. लोकांना इतकं आवडलं की परत बोलावलं. मग माइक विलसीच्या 'अ करंट अफेअर' या बातम्यांच्या कार्यक्रमात त्याला छोटी जागा मिळाली, जिथे तो कामगाराच्या नजरेतून देशाच्या भानगडींवर बोलायचा. तिथला प्रोड्युसर जॉन कॉर्नेल पुढे त्याचा मॅनेजर झाला, पार्टनर झाला आणि पडद्यावरचा जोडीदारही.

'द पॉल होगन शो' १९७३ ला सुरू झाला, आधी चॅनल सेव्हनवर, मग नाइनवर, आणि १९८४ पर्यंत अधूनमधून चालला. बाह्या कापलेला शर्ट, आखूड चड्डी, फुटबॉलचे मोजे, हा त्याचा युनिफॉर्म. कॉर्नेल त्यात स्ट्रॉप नावाचा बावळट दोस्त व्हायचा, डोक्याला किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची टोपी बांधून. ऑस्ट्रेलियन लोक ज्याला 'लॅरिकिन' म्हणतात, म्हणजे साहेबाला न जुमानणारा, तोंडाळ पण मनाने वाईट नसलेला उनाड माणूस, तो होगनने घराघरात पोचवला. शो ब्रिटनमध्येही गेला, १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झालं त्या पहिल्याच रात्री तो दाखवला गेला.

या प्रतिमेचा पैसा जाहिरातवाल्यांनीही केला. विनफिल्ड सिगारेट १९७२ मध्ये बाजारात आली ती होगनच्याच तोंडून, आणि ती तुफान खपली. टीव्हीवरच्या सिगारेट जाहिरातींवर तिथे १९७६ मध्ये पूर्ण बंदी आली, आणि पुढे धूम्रपानविरोधी मंडळींनी तक्रार केली की या माणसाचं पोरांना वेड आहे, तेव्हा छापील जाहिरातींतूनही त्याला जावं लागलं. माझ्या मते त्याच्या करिअरमधली हीच सगळ्यात वाईट गोष्ट, पुढे झालेलं टॅक्सचं प्रकरण नव्हे. १९८४ मध्ये अमेरिकनांना सुट्टीसाठी बोलावणारी टुरिझमची जाहिरात आली, त्यात तो पाहुण्यासाठी बार्बेक्यूवर आणखी एक 'श्रिंप' टाकतो म्हणतो. खुद्द ऑस्ट्रेलियात कोळंबीला कुणी श्रिंप म्हणत नाही, प्रॉन म्हणतात, पण गिऱ्हाईक अमेरिकन होतं ना! १९८५ ला तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि त्याच वर्षी पहिल्या महायुद्धावरच्या 'अँझॅक्स' मालिकेत त्याने बऱ्यापैकी गंभीर कामही केलं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक आडवळण. चॅनल नाइनचा मालक केरी पॅकर याची १९७७ ची वर्ल्ड सिरीज क्रिकेट, म्हणजे रंगीत कपडे, लाइटखालचे सामने वगैरे ज्यावर आपलं आजचं क्रिकेट उभंय, तिच्यामागे डोकं चालवणाऱ्यांत हाच स्ट्रॉप उर्फ कॉर्नेल होता. त्यामुळे १९८६ च्या 'क्रोकोडाइल डंडी'त पैसे घालणाऱ्या शेकडो लोकांमध्ये डेनिस लिली, रॉड मार्श आणि ग्रेग चॅपेल या क्रिकेटपटूंची नावं सापडतात याचं नवल वाटायला नको.

सिनेमा कॉर्नेलने काढला, दिग्दर्शक पीटर फेमन टीव्ही शोमधलाच. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडूच्या जंगलात आणि न्यूयॉर्कमध्ये शूटिंग झालं, खर्च एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्याही आत, आणि एकट्या अमेरिकेत कमाई १७ कोटी डॉलरच्या वर. त्या वर्षी तिथे फक्त 'टॉप गन' पुढे होता. होगनला गोल्डन ग्लोब मिळालं, पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि १९८७ च्या ऑस्कर सोहळ्याचं सूत्रसंचालनही त्याने गोल्डी हॉन, चेव्ही चेस यांच्यासोबत केलं. पुलावर काम करणारा माणूस तिथे पंधरा-सोळा वर्षांत पोचला होता. सिनेमातल्या काही गोष्टी मात्र आज बघवत नाहीत, विशेषतः न्यूयॉर्कच्या बारमधला ट्रान्स व्यक्तीची थट्टा करणारा सीन, आणि आदिवासींबद्दलचे विनोदही अनेकांना खटकतात, डेव्हिड गुलपिलिलसारखा जबरदस्त आदिवासी नट त्यात असूनसुद्धा.

दुसरा भाग १९८८ मध्ये आला, तोही चालला. नंतर उतारच. 'ऑलमोस्ट अॅन एंजल' (१९९०) पडला, 'लाइटनिंग जॅक' (१९९४) साठी तर शेअरबाजारातून लोकांचे पैसे उभे केले आणि तोही काही खास चालला नाही, तिसऱ्या डंडीची (२००१) गोष्टच सोडा. नोएलीनशी घटस्फोट घेऊन १९९० मध्ये त्याने डंडीची नायिका लिंडा कोझलोव्स्कीशी लग्न केलं, ते २०१४ मध्ये संपलं.

टॅक्सची भानगड बरीच वर्षं चालली. परदेशी ट्रस्ट आणि खात्यांवरून ऑस्ट्रेलियन टॅक्सवाले त्याच्या मागे लागले होते, तो सगळं नाकारत राहिला. ऑगस्ट २०१० मध्ये आईच्या अंत्यविधीसाठी सिडनीला आला तेव्हा त्याला देश सोडायची बंदी घातली, दोनेक आठवड्यांनी जाऊ दिलं. फौजदारी तपास त्याच वर्षी गुंडाळला, बाकीची तडजोड २०१२ मध्ये झाली. ज्या देशाची जाहिरात केली त्याच देशातून बाहेर पडता येईना, यावर ऑस्ट्रेलियन लोकांनी भरपूर विनोद केले. २०१८ मध्ये टुरिझमवाल्यांनी अमेरिकेतल्या सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या) वेळी नव्या डंडी सिनेमाचा खोटा ट्रेलर जाहिरात म्हणून दाखवला तेव्हा त्यातही होगन क्षणभर दिसलाच, आणि २०२० च्या 'द व्हेरी एक्सलंट मिस्टर डंडी'मध्ये तो स्वतःचीच भूमिका करतो, लोक ज्याला डंडीपासून सुटूच देत नाहीत असा म्हातारा नट.