पिशवीवरचं हिरवं पान आम्ही का काढलं

आमच्या डाळमिलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या हंगामापर्यंत आमच्या तूरडाळीच्या किलोच्या पिशवीवर एक हिरवं पान होतं आणि खाली 'निसर्गाची डाळ' असं लिहिलेलं होतं. छपाईवाल्यानं सुचवलं, आम्हाला आवडलं, छापून घेतलं. जुन्या साध्या पिशव्या उरल्या होत्या, म्हणून काही दिवस दोन्ही गल्ल्यापाशी शेजारी शेजारी ठेवल्या. डाळ एकाच ढिगातली, भावही एकच. तरी हात पानाच्या पिशवीकडेच जायचा. एका ताईंनी तर पुढच्या बाजाराच्या दिवशी येऊन सांगितलं, "भाऊ, पानवालीच द्या, ती लवकर शिजते."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. स्वीडनमध्ये २०१३ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एकाच कॉफीचे दोन कप दिले आणि त्यातला एक पर्यावरणपूरक असल्याचं सांगितलं. बऱ्याच जणांना तोच कप चवीला चांगला वाटला. ज्यांना पर्यावरणाची कळकळ जास्त, ते त्या कॉफीला जास्तीचे पैसेही द्यायला तयार होते. म्हणजे चिन्हाचा परिणाम डोळ्यांपुरता राहत नाही, तो जिभेपर्यंत पोहोचतो. आणि फसगत होते ती मनापासून काळजी करणाऱ्याचीच. हे समजल्यावर आम्ही पान काढून टाकलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. 'हिरवं', 'पर्यावरणपूरक' असे मोघम शब्द वापरायचे तर त्यामागचा पुरावा आणि नेमका अर्थ द्यावा लागतो. आमच्या पानामागे असा कोणताच पुरावा नव्हता.

मग कोणत्या चिन्हाला अर्थ आहे?

सगळ्यात जास्त गोंधळ हिरव्या ठिपक्याचा होतो. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, एवढंच. शेतीशी, फवारणीशी त्याचा संबंध नाही. अ‍ॅगमार्क मालाची प्रत सांगतो. भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांना २०१६ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन माल कुठला ते सांगतं. अभिमानाची गोष्ट आहे, पण तो पर्यावरणाचा दाखला नाही.

सेंद्रिय मालासाठी 'जैविक भारत' हे चिन्ह पाहा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांतून ते आलं. त्याच्या मागे दोन वाटा आहेत. एका वाटेत बाहेरची प्रमाणन संस्था येऊन वावर तपासते. परदेशात जाणाऱ्या सेंद्रिय मालाला हीच वाट लागते, पण तिचा खर्च लहान शेतकऱ्याला एकट्यानं पेलत नाही. दुसरी वाट पीजीएस-इंडियाची, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायच्या सरकारी पद्धतीची. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांच्या वावरात जाऊन पाहायचं, नोंदी ठेवायच्या. जमीन अजून रासायनिकातून सेंद्रियकडे वळत असेल तर 'पीजीएस-इंडिया ग्रीन', पूर्ण वळली की 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक'. ग्रीन म्हणजे कमी दर्जा असं समजू नका. शेतकऱ्याला आधाराची खरी गरज त्याच वर्षांत असते, कारण खत-फवारणी थांबलेली असते आणि भाव अजून वाढलेला नसतो.

आठवडी बाजारात स्वतःच्या वावरातली भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीकडे चिन्ह नसेल, म्हणून तिला बाजूला सारू नका. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सेंद्रिय मालासाठी प्रमाणपत्रातून सूट आहे. फक्त त्याला जैविक भारतचं चिन्ह लावता येत नाही. तिथं विचारूनच खात्री करायची.

सेंद्रियच्या चिन्हावरून मालाला पाणी किती लागलं, वीज किती जळली, हे कळत नाही. तसं सांगायचा एक मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. टेस्को या दुकानसाखळीनं २००७ साली प्रत्येक वस्तूवर तिच्यामुळे किती कर्बवायू हवेत गेला, त्याचा ग्रॅममध्ये आकडा छापायचं जाहीर केलं आणि २०१२ साली ते सोडून दिलं. एकेका वस्तूचा हिशोब करायला महिनेच्या महिने लागत होते, आणि बाकीची दुकानं सोबत आली नाहीत. शिवाय घाईत सौदा घेणाऱ्याला नुसत्या आकड्यावरून काय कळणार? सिग्नलसारखे लाल, पिवळा, हिरवा रंग दिले तर लोकांना पटकन उमगतं. तरीही भाव आणि घरची सवय यांचं वजन चिन्हापेक्षा जास्त असतं. आमच्या गल्ल्यावरही तेच दिसतं. पानाच्या पिशवीला हात जायचा, तो भाव सारखा होता म्हणून.

'गावचा माल म्हणजे पर्यावरणाला चांगला' असंही पुष्कळ जण म्हणतात. गावात पैसा राहतो, हे खरं आणि मोलाचं. पण बहुतेक अन्नाच्या बाबतीत प्रदूषणातला वाहतुकीचा वाटा लहान असतो. मोठा वाटा वावरातच ठरतो. तुरीची जमेची बाजू इथंच आहे. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. आपल्याकडे ती पराटीच्या (कपाशीच्या) किंवा सोयाबीनच्या ओळींमध्ये पावसाच्या पाण्यावर येते. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, तसं इथं होत नाही. पण कोरडवाहू म्हणजे बिनफवारणीची, असं मानू नका. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तुरीवर फवारणी झालेली असते.

म्हणून आता पिशवीवर चारच गोष्टी छापतो: तूर कोणत्या गावची, कोरडवाहू की ओलिताची, फवारणी झाली की नाही, आणि डाळ बिनपॉलिश आहे की नाही. ज्याची माहिती शेतकऱ्याकडून मिळाली नाही, ती जागा कोरी ठेवतो. कोरी जागा दिसली तर तिचा अर्थ तेवढाच घ्या.

पीजीएस-इंडिया ग्रीन गटाची तूर आम्ही वेगळ्या चुंगड्यांत ठेवतो आणि मशीन झाडून पुसून आधी तीच भरडतो, म्हणजे दुसरी डाळ तिच्यात मिसळत नाही. तिचा भाव थोडा जास्त आहे आणि तो जास्तीचा पैसा गटाला जातो. गटाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि खरेदीच्या पावत्या गल्ल्यामागच्या फाइलमध्ये आहेत. डाळ घ्यायची नसली तरी मागून पाहा. जनावरांसाठीची चुनी नेहमीप्रमाणे सकाळी १० पर्यंत मिळेल.