खेळाडूने पैसे लावले तर? शिक्षेच्या वादामागची गोष्ट

मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या एका वेगवान गोलंदाजावर बंदी आली, तेव्हा आझाद मैदानावरच्या तंबूंत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. २०१७ ते २०१९ या काळात त्याने क्रिकेटच्या सामन्यांवर ३०३ वेळा पैसे लावले होते. त्यातल्या एकाही सामन्यात तो स्वतः खेळला नव्हता. शिक्षा झाली १६ महिन्यांची, पैकी १३ महिने स्थगित. म्हणजे प्रत्यक्षात तीन महिने घरी बसायचे. तंबूतले निम्मे म्हणत होते, “त्याने काय मॅच विकली?” उरलेले म्हणत होते, “सट्टेबाज तो सट्टेबाज, कायमचा हाकला.” ही दोन्ही मते मुंबईत फार जुनी आहेत आणि दोन्हींमागे खरे प्रसंग आहेत.

फार मागे जायचे कारण नाही. इंग्लंडात १८१७ मध्येच एका अव्वल फलंदाजाला सामना मुद्दाम हरल्याच्या आरोपावरून लॉर्ड्सचे दरवाजे बंद झाले होते. आपल्याकडचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. तो येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच पावसाने त्याची परीक्षा घेतली. पाऊस किती पडेल यावर या शहरात पैसे लागत. उच्च न्यायालयाने हा प्रकार कायद्याच्या व्याख्येत बसत नाही असे म्हटले, आणि १८९० मध्ये सरकारने दुरुस्ती करून पाऊस आत घेतला. घोड्यांची शर्यत मात्र बाहेर राहिली ती आजपर्यंत. महालक्ष्मीला प्रेक्षकाने पैसे लावणे कायदेशीर आहे, पण घोड्यावर बसलेल्या जॉकीला ते करता येत नाही. खेळणाऱ्याने लावायचे नाही हा नियम रेसकोर्सवर इतका अंगवळणी पडलेला आहे की तिथे त्यावर कुणी वाद घालत नाही. क्रिकेटला तिथपर्यंत यायला फार वेळ लागला.

न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरचा आकडा, मग मटका हा आकड्यांचा जुगार, त्यातली कल्याण आणि वरळी ही नावे, ओपन आणि क्लोज हे दोन आकडे, हे सगळे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. इथे त्यातली एकच गोष्ट कामाची. मटक्यामुळे या शहराला तोंडी व्यवहाराची, उधारीची आणि गल्लोगल्लीच्या हस्तकांची तयार घडी मिळाली. पुढे क्रिकेटचा सट्टा वाढला तो याच सवयींवर.

खरा पेच सुरू होतो जुलै १९८१ मध्ये, लीड्सच्या मैदानावर. इंग्लंडवर फॉलोऑन आला होता आणि डावाने पराभव समोर दिसत होता. मैदानावरच्या फलकावर सट्टा कंपनीचा भाव झळकला: इंग्लंड जिंकल्यास एकाला पाचशे. ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंग रूममधल्या दोघांना तो दिसला. एक त्या काळचा सर्वांत भेदक गोलंदाज, दुसरा त्यांचा यष्टिरक्षक. गोलंदाजाने १० पौंड काढले, यष्टिरक्षकाने ५, आणि संघाच्या बसच्या ड्रायव्हरला लावायला पाठवले. स्वतःच्या संघाच्या विरुद्ध. इंग्लंडने तो कसोटी सामना १८ धावांनी जिंकला. दोघांच्या वाट्याला मिळून साडेसात हजार पौंड आले.

दोघांनी जीव तोडून खेळ केला याबद्दल आजवर कुणी शंका घेतलेली नाही. मीही घेत नाही. पण शिक्षा? काहीच नाही. तसा नियमच नव्हता. सगळ्यांनी हसून सोडून दिले आणि पुढची कित्येक वर्षे हा किस्सा भोजनानंतरच्या भाषणांत रंगवून सांगितला गेला. मला तो कधीच गमतीचा वाटला नाही. इंग्लंडच्या त्या दुसऱ्या डावात हातातून एक झेल सुटला असता, तर त्या यष्टिरक्षकाला आयुष्यभर कुणी विश्वासाने विचारले नसते की तो झेल खरंच सुटला का.

त्यानंतर शारजातल्या क्रिकेट स्पर्धा आल्या, केबल टीव्ही आला, आणि एकदिवसीय सामन्यांचा पूर आला. १९९४च्या श्रीलंका दौऱ्यात दोन ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी एका बुकीकडून, म्हणजे सट्टा घेणाऱ्याकडून, पैसे घेतले आणि खेळपट्टी, हवामान याची माहिती दिली. १९९५ मध्ये त्यांच्या मंडळाने एकाला १० हजार आणि दुसऱ्याला ८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड करून प्रकरण दडपले. डिसेंबर १९९८ पर्यंत लोकांना पत्ताच नव्हता. दंड होता, पण तो गुपचूप. अशा शिक्षेची जरब कुणाला बसणार?

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचे बुकीशी झालेले फोनवरचे बोलणे उघड केले. त्याच वर्षी केंद्रीय तपास यंत्रणेचा अहवाल आला आणि डिसेंबरमध्ये आपल्या क्रिकेट मंडळाने एक माजी कर्णधार व एका फलंदाजाला तहहयात, तर आणखी दोन खेळाडूंना पाच वर्षे बाहेर काढले. या खेळाडूंवर फौजदारी खटला मात्र उभा राहिला नाही. पाच वर्षांच्या एका बंदीला न्यायालयाने २००३ मध्ये बाजूला सारले, आणि माजी कर्णधाराची तहहयात बंदी २०१२ मध्ये बेकायदा ठरली. तोवर तो पन्नाशीला टेकला होता. मंडळाने घाईने शिक्षा ठोठावायची आणि न्यायालयाने वर्षांनी ती काढून टाकायची, या पद्धतीत दोषी आणि निर्दोष यांच्यातली रेघच पुसली गेली.

रेघ पुसली जाण्याचे आणखी एक कारण आपल्या भाषेत आहे, आणि त्यावर थांबायला हवे. ‘सट्टा’ हा शब्द बाजारातला. पुढच्या तारखेच्या भावावर केलेला सौदा म्हणजे सट्टा, मग तो कापसाचा असो की सोन्याचा. क्रिकेटने तो उचलला आणि त्यात सगळेच कोंबले. वर्तमानपत्रे कुर्ल्याच्या खोलीत पकडलेल्या पंटरलाही, म्हणजे साध्या पैसे लावणाऱ्यालाही, सट्टेबाज म्हणतात आणि नो-बॉल विकणाऱ्या गोलंदाजालाही सट्टेबाजीत अडकलेला म्हणतात.

धंद्यातल्या लोकांची भाषा याहून कितीतरी नेमकी आहे. तिथे दोन मूळ क्रियापदे आहेत, लावणे आणि खाणे. ‘मुंबई ६०-६२’ असा भाव आला, तर मुंबईवर शंभर ‘लावले’ की जिंकल्यावर साठ मिळतात. मुंबई ‘खाल्ली’, तर मुंबई हरल्यावर शंभर मिळतात आणि जिंकली तर बासष्ट मोजावे लागतात. ‘सेशन’ म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील त्याचा आकडा. ‘डब्बा’ म्हणजे क्षणाक्षणाला भाव ऐकवणारी फोनची लाइन. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. वलण म्हणजे हिशेब मिटवण्याचा दिवस.

आता खेळाडू यात कुठे बसतो ते पाहा. परक्या सामन्यावर लावणारा वेगळा. स्वतःच्या संघावर जिंकण्यासाठी लावणारा वेगळा. स्वतःचा संघ खाणारा वेगळा. खेळपट्टीची खबर देणारा वेगळा. सेशनचा आकडा जुळवण्यासाठी मुद्दाम धावा देणारा तर पार वेगळा. लीड्सच्या त्या दोघांनी आपला संघ ‘खाल्ला’ होता, पण विकला नव्हता. इंग्लंडच्या त्या वेगवान गोलंदाजाने दुसऱ्यांच्या सामन्यांवर पैसे लावले, बस. या सगळ्यांना एकाच शब्दात बांधले की लोक एकतर सगळ्यांना फासावर चढवा म्हणतात, नाहीतर सगळ्यांना सोडा म्हणतात.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेने ही वर्गवारी केली आहे. क्रिकेटच्या कोणत्याही सामन्यावर, मग तो जगाच्या पाठीवर कुठेही असो, खेळाडूने पैसे लावले तर एक ते पाच वर्षे. सामना किंवा त्याचा भाग विकला तर किमान पाच वर्षे, कमाल तहहयात. कुणी गळ घातली आणि ते कळवले नाही, तर तोही गुन्हा.

मग परक्या सामन्यावरच्या साध्या पैजेला तरी शिक्षा का? तंबूतल्या मुलांचा हा प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर उधारीत आहे. बुकी रोख मागत नाही, वहीत लिहितो. वलणाच्या दिवशी खेळाडूकडे पैसे नसले की बुकी दमदाटी करत नाही. तो म्हणतो, “पैसे राहू दे रे. उद्या ओपनिंगला कोण येतंय तेवढं सांग.” मग एक फोन, मग दुसरा. विकण्याची सुरुवात बहुतेक वेळा लालचेने होत नाही, अंगावरच्या देण्याने होते. आणि जो नेहमी आपल्या संघाच्या विजयावर लावतो, तो ज्या दिवशी लावत नाही त्या दिवशी बुकीला न बोलता सगळे कळते. अमेरिकेत बेसबॉलच्या एका महान खेळाडूला, जो तेव्हा संघाचा व्यवस्थापक होता, १९८९ मध्ये कायमचे बाहेर काढले. आपल्याच संघाच्या विजयावर पैसे लावल्याचे त्याने पुढे कबूल केले. त्याचे नाव बंदीच्या यादीतून निघाले ते मे २०२५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

माझे मत लपवत नाही. शिक्षा हवीच, पण साध्या पैजेला छोटी, निश्चित आणि जाहीर. तहहयात बंदी फक्त विकणाऱ्याला. आपल्याकडे नेमके उलटे घडले, आणि ते याच शहराच्या साक्षीने.

१५ मे २०१३ च्या रात्री वानखेडेवरचा आयपीएलचा सामना संपला आणि काही तासांत दिल्ली पोलिसांनी मुंबईत पाहुण्या संघाच्या तीन खेळाडूंना उचलले. त्यातल्या भारतीय संघाच्या माजी वेगवान गोलंदाजावर आरोप असा की ९ मेच्या मोहालीच्या सामन्यात त्याने एका षटकात १४ धावा द्यायचे कबूल केले होते. खूण होती कमरेला खोचलेला टॉवेल. दिल्या १३. दूरचित्रवाणीवर तो पांढरा टॉवेल किती वेळा दाखवला गेला याची गणती नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा दिल्लीतही लागू होता, तो त्यांच्यावर लावला गेला. जुलै २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले.

इकडे मुंबई पोलिसांनी २४ मे रोजी एका बलाढ्य संघाच्या पदाधिकाऱ्याला अटक केली. त्याच्यावर ठपका आला तो पैसे लावल्याचा आणि संघातली माहिती बाहेर दिल्याचा. सामना विकल्याचा नाही. जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या समितीने त्याला आणि दुसऱ्या एका संघाच्या सहमालकाला क्रिकेटमधून तहहयात दूर केले, आणि दोन्ही संघांना दोन वर्षे निलंबित केले.

त्या गोलंदाजालाही मंडळाने सप्टेंबर २०१३ मध्ये तहहयात बंदी घातली होती. तो लढत राहिला. केरळच्या उच्च न्यायालयात २०१७ मध्ये एकदा बंदी उठली, मग परत बसली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाने ठरवलेला दोष कायम ठेवला, पण तहहयात ही शिक्षा रद्द करून तिचा फेरविचार करायला सांगितले. ऑगस्टमध्ये ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. तो तेव्हा ३७ वर्षांचा होता. वेगवान गोलंदाजाचे हातातले सगळे निघून गेले होते.

म्हणजे हिशेब असा झाला: षटक विकल्याचा दोष असलेल्याला अखेर सात वर्षे, आणि लावणाऱ्या मालकमंडळींना तहहयात. मालकावर जास्त जबाबदारी असते हे मान्य, त्याला सगळ्या संघाची खबर असते हेही मान्य. पण कोणत्या कृत्याची कोणती शिक्षा हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर प्रत्येक निकाल त्या माणसाच्या नावाकडे पाहून दिल्यासारखा वाटतो. इंग्लंडात २०१०च्या लॉर्ड्स कसोटीतल्या नो-बॉलसाठी तीन पाकिस्तानी खेळाडू नोव्हेंबर २०११ मध्ये तुरुंगात गेले, कारण तिथे कायदा होता. श्रीलंकेने २०१९ मध्ये असा कायदा केला. आपल्याकडे असा कायदा न्यायालयाने नेमलेल्या त्याच समितीने जानेवारी २०१६ मध्ये सुचवला, जुलै २०१८ च्या विधी आयोगाच्या २७६व्या अहवालाने सुचवला. जानेवारी २०१६च्या अहवालात तर सट्टा कायदेशीर करा असेही होते, पण खेळाडू आणि पदाधिकाऱ्यांना त्यातून वगळा ही अट घालून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत टोळीने चालवलेला अनधिकृत सट्टा ‘किरकोळ संघटित गुन्हेगारी’त आला. सामना विकणे हा स्वतंत्र गुन्हा मात्र त्यातही नाही.

मधल्या काळात सट्ट्याच्या शेजारचा धंदा थेट जर्सीवर आला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी खेळ, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ मोबाइलवर निवडून पैसे लावायचा खेळ, हा कौशल्याचा असल्याचे म्हटले, आणि याच शहरातल्या एका कंपनीचे नाव पुढे भारतीय संघाच्या छातीवर झळकले. पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या एका भिजलेल्या रविवारी तंबूत शेजारी बसलेला एकोणीस वर्षांचा यष्टिरक्षक पॅड बांधूनच मोबाइलवर संघ निवडत होता. मी विचारले, तर म्हणाला, “काका, हा सट्टा नाही, स्किल आहे. आपले प्लेयरच जाहिरात करतात ना?” त्याला काय उत्तर द्यायचे ते मला सुचले नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. संहितेचा कागद त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. जाहिरात रोज पोचत होती.

ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. जर्सीवरचे नावही गेले. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे रणजी खेळणाऱ्या मुलाने घरी बसून परदेशी साइटवर परक्या सामन्याचे पैसे लावले, तर त्याला जाब विचारणारी जागा आजही एकच उरते, मंडळाची संहिता, आणि तिथली एक ते पाच वर्षे.